न्यायला कोण येणार?

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्या घरांतून पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जात. पहिला, ‘बरोबर डबा घेतला का?’ आणि दुसरा, ‘तिकडे स्टेशनवर न्यायला कोण येणार?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर फार तर एक वेळचा उपास घडे. दुसऱ्याला उत्तर नसेल तर वडीलधारी माणसे प्रवासच पुढे ढकलायला सांगत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना या दुसऱ्या प्रश्नाचे मोल अधिक ठाऊक आहे. आपल्या मुली इंदूरहून ग्वाल्हेरला दिल्या गेल्या, बडोद्याहून हैदराबादला दिल्या गेल्या. परक्या भाषेच्या स्टेशनावर आपल्या नावाने हाक मारणारे एक माणूस उभे आहे, हे दिसले की प्रवास संपला असे आपण मानत आलो.

माझी थोरली बहीण, आमची ताई, 1978 साली लग्न होऊन हैदराबादेस गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढल्याच वर्षी वडिलांचे बोट धरून मी तिच्या घरी प्रथम गेलो. त्या काळी इंदूर आणि हैदराबाद ही दोन शहरे मीटरगेजच्या एकाच धाग्यात ओवलेली होती. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस अजमेर, रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा असे करीत काचीगुड्याला पोहोचे. महू सोडले की पाताळपाणीचा घाट. मग कालाकुंड, चोरल, आणि मोरटक्क्याजवळ नर्मदेचा पूल. पुलावर गाडी आली की डब्यातली सारी माणसे खिडकीशी येत आणि नदीत पैसे टाकीत. खंडव्याच्या पुढे धूळघाटात रूळ स्वतःभोवतीच वळसा घेऊन खाली उतरत, आणि मघाशी आपण जिथून आलो तो मार्ग डोंगरावर दिसे. वाशिम, हिंगोली, नांदेड ही नावे येऊ लागली की फलाटावरची मराठी कानांवर पडे. बासर ओलांडले की भाषा पालटे, आणि निजामाबाद, कामारेड्डी, सिकंदराबाद करीत गाडी एकदाची काचीगुड्याला विसावे.

काचीगुड्याचे स्टेशन 1916 सालचे. घुमटांची आणि कमानींची ती देखणी इमारत निजामाच्या रेल्वेची. त्या इमारतीपुढे, फलाटाच्या एका ठरलेल्या खांबाशी, आमचे भाऊजी उभे असत. डाव्या हातावर काळी छत्री, मग ऋतू कोणताही असो. गाडी चार चार तास उशिरा येई. भाऊजी तिथेच असत. एका कचेरीत लेखापाल असलेला हा अबोल गृहस्थ आम्हाला पाहून फक्त ‘आलात?’ एवढेच म्हणे आणि हातातली जड पिशवी काढून घेई. पुढची पंचेचाळीस वर्षे मी जेव्हा जेव्हा हैदराबादेस गेलो, तेव्हा तेव्हा हा एक शब्द ऐकला की मी पोहोचलो असे मला वाटे.

पुढे टप्प्याटप्प्याने रुंद रूळ आले आणि ती सलग गाडी संपली. खंडवा-अकोला हा तुकडाही रुंदीकरणासाठी 2017 साली बंद झाला. आता इंदूरहून विमानात बसले की सुमारे दीड तासात हैदराबाद. पण विमान लवकर पोहोचवते ते शहरात नव्हे, शहराबाहेर. बेगमपेटचा जुना विमानतळ वस्तीला लागून होता. 2008 सालच्या मार्चमध्ये प्रवासी विमाने शमशाबादच्या नव्या विमानतळावर उतरू लागली. तिथून ताईच्या बडी चावडीपर्यंतचे अंतर जवळजवळ पंचवीस किलोमीटर. छत्री हातावर अडकवून पायी स्टेशनात येणाऱ्या माणसाला हे अंतर झेपणारे नव्हते. तरीही सत्तरी गाठेपर्यंत भाऊजी पुष्पक बसने विमानतळावर येत राहिले. शहर आणि विमानतळ यांच्यामध्ये धावणाऱ्या वातानुकूलित बसगाड्यांना तिथल्या परिवहन महामंडळाने पुष्पक हे नाव दिले आहे. खऱ्या विमानातून उतरून पुराणातल्या विमानात बसावे, हा विनोद भाऊजींनी मला एकदाच, अगदी गंभीर चेहऱ्याने, ऐकवला होता.

मग त्यांच्या छातीचे दुखणे सुरू झाले आणि न्यायला येणे थांबले. तेव्हापासून मी गाडी आधी ठरवून ठेवू लागलो. ज्या वाचकांना याची सवय नाही त्यांच्यासाठी ही रीत थोडक्यात सांगतो. विमानतळाबाहेर पडून वाहन शोधण्याऐवजी आपण घरूनच, संकेतस्थळावर किंवा फोनवर, एक मोटार केवळ आपल्यासाठी ठरवतो. उतरण्याची तारीख आणि वेळ, विमानाचा क्रमांक, माणसे किती, सामान किती आणि जायचे कुठे, एवढे कळवावे लागते. भाडे आधी ठरते. विमानाचा क्रमांक दिलेला असला की चांगले गाडीवाले विमान उशिरा असल्याचे आपणच पाहतात आणि त्याप्रमाणे येतात. उतरल्यावर काही वेळ ते फुकट थांबतात, पुढे थांबण्याचे पैसे पडतात. निघण्याआधी चालकाचे नाव, फोन आणि गाडीचा क्रमांक आपल्या भ्रमणध्वनीवर येतो. ठरलेल्या भाड्यात पार्किंगचे शुल्क, पथकर आणि रात्रीचा आकार धरला आहे की नाही, हे मात्र आधीच विचारून घ्यावे. वाद होतो तो याच तिन्हींवरून.

इतके सगळे मला ठाऊक होते. तरीही चूक झाली, आणि ती माझी मलाच झाली.

2024 सालच्या मार्चमध्ये भाऊजींचे दुखणे वाढल्याचा ताईचा फोन आला. भाचा मेलबर्नला, त्याला पोहोचायला वेळ लागणार होता. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होत्या, मुख्याध्यापकाला दिवसा निघणे शक्य नव्हते. म्हणून 21 मार्चच्या रात्री उशिराचे विमान घेतले. इंदूरहून ते पावणेअकराच्या सुमारास सुटणार आणि बारा वाजून वीस मिनिटांनी हैदराबादला उतरणार. दोन पेपरांच्या मधल्या घाईत मी गाडी ठरवली आणि तारीख घातली 21 मार्च, वेळ रात्री 12.20.

आपली बोलण्याची रीत अशी की, रात्र ज्या दिवसाची, तिचा उत्तररात्रीचा भागही त्याच दिवसाचा. पंचांगात तर वार सूर्योदयालाच बदलतो. पण घड्याळ आणि गाडीवाला यांचा दिवस मध्यरात्री बदलतो. मी घातलेली वेळ ही माझ्या रात्रीच्या आदल्या रात्रीची होती. वीस तारखेची रात्र उलटून एकवीस लागताच गाडी शमशाबादला येऊन उभी राहिली, मला शोधून परत गेली. मी इंदूरला गाढ झोपेत. सकाळी उठून पाहतो तो फोनवर अनोळखी क्रमांकाचे सहा हुकलेले फोन. कोणा विक्रेत्याचे असतील, असे म्हणून मी ते पुसून टाकले आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोजायला गेलो.

त्या रात्री विमानतळाबाहेर माझ्या नावाचा माणूस नव्हता. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘आपली गाडी काल येऊन गेली.’ वाद घालण्यात अर्धा तास गेला. पैसे गेले ते गेलेच. बाहेर रीतसर वाहने मिळण्याची सोय होती, तिथे रांगेत उभे राहण्याचा धीर मला उरला नव्हता. एक इसम जवळ आला, ‘चलो साब, काचीगुडा’ म्हणाला, आणि मी त्याच्या मागून गेलो. गाडीला भाड्याच्या वाहनाची पिवळी पाटी नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही. त्याने आणखी दोन गिऱ्हाइके मिळेपर्यंत मला आत बसवून ठेवले, आणि मेहदीपटणमला पोहोचल्यावर पुढे जायचे तर दुप्पट पैसे पडतील असे सांगितले. मी तिथेच उतरलो. पुढे रिक्षा मिळाली. मधल्या वेळात घरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी ‘येतोच आहे’ म्हणालो.

मी ताईच्या दारात पोहोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. व्हरांड्यात वेताची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली होती आणि खुर्चीच्या हातावर काळी छत्री अडकवलेली होती. ताई हळूच म्हणाली, “दोनपर्यंत इथेच बसले होते रे. ऐकेनात. म्हणाले, स्टेशनवर जाता येत नाही, निदान दारात तरी असू दे. आत्ताच निजवले.” मी दाराशी उभा राहून त्यांना निजलेले पाहिले. उठवू नये असे वाटले. पहाटे त्यांचा श्वास कोंडला. रुग्णालयात चार दिवस गेले, ते बोलण्याच्या स्थितीत आले नाहीत. चौथ्या दिवशी ते गेले.

जागरणाचा आणि या दुखण्याचा काही संबंध नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. परंतु ‘आलात?’ हा एक शब्द ऐकायचा राहून गेला आणि तो माझ्या तारखेच्या चुकीने राहिला, हा हिशेब मला काही चुकवता येत नाही.

पुढल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मार्चमध्ये, वर्षश्राद्धासाठी निघायचे ठरले. परीक्षा होत्याच, त्यामुळे विमानही तेच, रात्रीचे. गाडी ठरवायला मी बसणार एवढ्यात ताईचा फोन आला. “तिकिटाचा फोटो पाठव. गाडी मी ठरवणार आहे.”

ताई अडुसष्ट वर्षांची. घरातले बँकेचे, विजेचे, तिकिटांचे सारे व्यवहार आयुष्यभर भाऊजींनी पाहिले. मी म्हटले, “ताई, तू कशाला त्रास घेतेस? मी करतो ना.” ती म्हणाली, “तू केलीस ती एकदा पाहिली आहे.” यावर मुख्याध्यापकाला बोलण्यासारखे काही उरत नाही. शेजारच्या नातीकडून तिने ही विद्या शिकून घेतली होती, असे मागून कळले. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. “बारा वाजण्यापूर्वी उतरणार की नंतर? नंतर ना? मग तारीख पुढची.” ती तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तांबड्या शाईने गोल करून ठेवली होती.

या खेपेस विमानच तासभर उशिरा उतरले. सामान घेऊन बाहेर येतो तो गर्दीतून एक तरुण सरळ माझ्याकडे आला. त्याच्या हातात पाटी होती, पण ती त्याने वर धरलीच नव्हती. मी विचारले, “मला ओळखलेस कसे?” तो हसून म्हणाला, “अम्मा बोले थे साब. बुशशर्ट में आते, ज़रा झुक के चलते, हात में कपड़े की थैली रहती, और थैली में से इंदौर के सेव की बास आती बोल के बोले.” मग म्हणाला, “पाँच बार फोन आया उनका. पहले पूछे फ्लाइट आया क्या, बाद में पूछे तुम खाना खाए क्या.”

थैलीत शेव होतीच. मी त्याच्या गाडीचा क्रमांक फोनवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, पाटी पिवळी असल्याची खात्री केली, आणि मागे बसलो. भाडे तेराशे रुपये, पार्किंग त्यातच. हेही अम्मांनी आधी वदवून घेतले होते.

शमशाबादहून शहराकडे येताना आरामघरपासून एक उंच पूल सुरू होतो आणि मेहदीपटणमला जाऊन उतरतो. 2009 साली खुला झालेला हा पूल साडेअकरा किलोमीटरहून लांब आहे. त्याच्याखाली वसलेले लोक आपला पत्ताच पुलाच्या खांबाच्या क्रमांकाने सांगतात. अमुक खांबासमोरचे दुकान, तमुक खांबाजवळची गल्ली. एवढ्या रात्री हा रस्ता रिकामा असतो. दोन्ही बाजूंना घरांच्या गच्च्या आपल्या उंचीवर येतात आणि निजलेले शहर बाजूने सरकत राहते. आदल्या वर्षी याच मार्गाने आलो होतो, पण काही पाहिले नव्हते. या खेपेस दिव्याच्या उजेडात पुलावरचे नाव वाचले: पी. व्ही. नरसिंह राव.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे नाव वाचून निराळेच काही आठवते. पंतप्रधान म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. 2024 साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. पण हा तेलुगू माणूस पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेला, मराठी उत्तम जाणणारा, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘अबला जीवितमु’ या नावाने तेलुगूत नेणारा. एका कोवळ्या विधवेने सांगितलेली ती कहाणी. तिच्या बाबतीत काय करायचे हे सारे घर ठरवते. तिला कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न त्या रिकाम्या पुलावर माझ्याच अंगावर आला. सहा हुकलेले फोन मी पुसून टाकले होते, लक्षात घेतले नव्हते. ती गोष्ट होऊन गेली होती. परंतु या खेपेस मी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करून निघालो होतो. भाचा, मी आणि इंदूरची घरची माणसे अशा आम्ही सर्वांनी मिळून ठरवले होते की श्राद्ध आटोपले की ताईला कायमचे इंदूरला आणायचे. तिची खोलीसुद्धा रंगवून झाली होती. तिला विचारायचे तेवढे राहिले होते.

मेहदीपटणम, मासबटँक, नामपल्ली, आबिड्स. कोठीपाशी येताच चालकाने स्वतः फोन लावला आणि ‘अम्मा, आ गए, पाँच मिनट’ असे सांगितले. सुलतानबाजाराची बंद दुकाने गेली, आणि गाडी बडी चावडीच्या गल्लीत वळली. व्हरांड्यात दिवा होता. वेताच्या खुर्चीत ताई बसली होती. मी पायऱ्या चढलो तशी ती उठली, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, “आलास?”

मी काही बोलू शकलो नाही. तिने चालकाला पाणी दिले, शेवेची एक पुडी त्याच्या हातावर ठेवली, आणि आम्ही आत गेलो.

श्राद्ध यथासांग झाले. इसामिया बाजारातली आणि काचीगुड्याची जुनी मराठी मंडळी येऊन गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी विषय काढला. खोलीचे सांगितले, रंगाचे सांगितले, एकट्या माणसाच्या काळजीचे सांगितले. ताईने सारे ऐकून घेतले. हातातले तांदूळ निवडणे थांबवले नाही. मग म्हणाली, “सगळे खरे आहे. पण मी इंदूरला आले तर इथे तुला न्यायला कोण येणार?”

मी म्हटले, “तू इथे नसलीस तर मी इथे कशाला येईन?”

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली. “हे घर आहे तोवर तुम्ही येणार. माझे गुडघे स्टेशनपर्यंत जात नाहीत, विमानतळाचे तर नावच नको. पण गाडी ठरवता येते मला. चालकाशी बोलता येते. ते म्हणायचे, ज्याला न्यायला जायचे असते त्याच्याआधी पोहोचावे. मी तुझ्याआधी पोहोचले होते की नाही?”

वाचकहो, आधी ठरवलेल्या मोटारीकडे मी आजवर पैसे देऊन विकत घेतलेली सोय म्हणूनच पाहत होतो. न्यायला येणारे माणूस उरले नाही, म्हणून त्याच्या जागी उभा केलेला भाडोत्री, असे मला वाटे. ते पुरते खरे नाही. गाडी भाड्याचीच असते, चालक अनोळखीच असतो. पण तिच्यामागे कोणीतरी तारीख दोनदा ताडून पाहिलेली असते, पत्ता खुणेसकट समजावलेला असतो, आणि विमान उतरेपर्यंत ते माणूस जागे असते. आपल्या घरी कोणी येणार असेल तर त्याची गाडी त्याला ठरवू देऊ नका, तुम्ही ठरवा. आणि घरातले वडील माणूस ‘मी ठरवते’ म्हणाले, तर ते काम त्याच्या हातून काढून घेऊ नका.

ताई हैदराबादेसच आहे. इंदूरच्या रंगवलेल्या खोलीत मी माझी पुस्तके मांडली आहेत. ती पाहुणी म्हणून आली की ती आवरून ठेवतो. पुढच्या खेपेचे तिकीट काढले तसे मी तिला फोन करून तारीख कळवली. पलीकडे कालनिर्णयाचे पान उलटल्याचा आवाज आला, आणि तिने विचारले, “बारा वाजण्यापूर्वीची की नंतरची?”